जमा आणि नावे

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात 'आकडा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक शाळेतला, दुसरा पानठेल्यावरचा. मी गणिताचा शिक्षक. आयुष्यभर पहिल्या अर्थाची भाकरी खाल्ली. दुसऱ्या अर्थाने माझ्या किती विद्यार्थ्यांच्या घरची भाकरी खाल्ली, त्याचा हिशेब मात्र कुठल्याच हजेरीपटात सापडायचा नाही. "आज कोणता आला?" असे सकाळी कुणी पानठेल्यावर विचारले, तर तो पाहुण्याची किंवा गाडीची चौकशी करीत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळते. मराठीत याला मटका म्हणतात, हिंदीत सट्टा. आम्ही दुभाषी माणसे, त्यामुळे आम्ही दोन्ही म्हणतो. आणि ज्या कागदाच्या चिटोऱ्यावर तो आकडा लिहून मिळतो त्याला म्हणतो 'पट्टी'.

संघटित गुन्हेगारी म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे शिकागो येते, न्यूयॉर्क येते, फार तर मुंबई आणि दुबई येते. लांब कोट, तिरकी टोपी, काळी मोटार, बंदुकीचा बार. सिनेमाने आपल्याला हे चित्र दिले. पण मला गेल्या काही वर्षांतल्या वाचनातून असे वाटू लागले आहे, की या धंद्याचा पाया बंदुकीवर उभा नसतो. तो उभा असतो दोन-पाच रुपयांवर, एका चिठ्ठीवर आणि गावाच्या गप्प बसण्यावर. त्या दृष्टीने पाहिले तर न्यूयॉर्कचे हार्लेम आणि आमची जाम नदी यांत वाटते तेवढे अंतर नाही. एवढेच काय, आमच्या आकड्याचा उगमच मुळी न्यूयॉर्कचा आहे.

ते कसे, हे सांगायचे तर कपाशीपासून सुरुवात करायला हवी. आज आमचा भाग संत्र्यासाठी ओळखला जातो, पण त्याआधी इथे पांढऱ्या सोन्याचे राज्य होते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि साहेबाची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. त्याच १८६७ साली सरकारने सार्वजनिक जुगाराचा कायदाही केला, हा एक योगायोग. अमेरिकेतल्या लढाईने आमच्या पणजोबांच्या वावरातला भाव वाढवला आणि लढाई संपताच तो पाडलाही. तेव्हापासून कपाशीचा भाव हा आमच्यासाठी नेहमीच कुठल्या तरी लांबच्या गावाहून येणारा आकडा राहिला.

माझे वडील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात दिवाणजी होते. धोतर, काळी टोपी, कानाला टाक. ते सांगत, की त्यांच्या उमेदीच्या काळात मुंबईला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होते भाव तारेने येत, आणि लोक त्या भावांच्या शेवटच्या आकड्यावर पैसे लावीत. कापूस ज्याने कधी हातात धरला नाही तोही लावी. त्याला 'फीचर' म्हणत. उघडता भाव तो 'ओपन', बंद होता तो 'क्लोज'. आज पट्टी लिहिणारा पोरगा ओपन-क्लोज म्हणतो, तेव्हा आपण न्यूयॉर्कच्या बाजाराची घंटा वाजवत आहोत, हे त्याच्या गावीही नसते.

१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून येणारे हे भाव थांबले. जुगार मात्र थांबला नाही. कच्छहून मुंबईत आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ साली वरळीत स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली. रतन खत्री यांनी १९६४ साली आपला निराळा खेळ काढला. पूर्वी चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढत, म्हणून नाव पडले मटका. पुढे मडके गेले, पत्ते आले, नाव तेच राहिले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक घ्यायचा. समजा दुर्री, पंजी आणि नव्वी निघाली. बेरीज सोळा, म्हणून ओपन सहा. रात्री पुन्हा एक्का, चौकी, अठ्ठी. बेरीज तेरा, म्हणून क्लोज तीन. जोडी त्रेसष्ट. गिरणगावातल्या कामगाराच्या खिशातून निघालेले हे पैसे, आणि टेलिफोनच्या तारेवरून गावोगाव जाणारा हा निकाल, यांवर साऱ्या देशभर एक अदृश्य कारखाना उभा राहिला. १९७५ साली 'धर्मात्मा' नावाचा हिंदी सिनेमा आला. अमेरिकेच्या 'गॉडफादर'वर बेतलेला. पण त्यातला म्होरक्या दारूचा वा ऑलिव्ह तेलाचा व्यापारी नव्हता, मटक्याचा राजा होता. रतन खत्रींवरूनच ते पात्र घेतले असे लोक म्हणत. आमच्याकडे तो पाहायला लोक मिळेल त्या गाडीने नागपूरला गेले होते. खुद्द खत्री आणीबाणीत तुरुंगात होते, आणि २०२० साली वार्धक्याने वारले.

गणिताच्या तासाला मी हे कधी उघड शिकवले नाही, पण संभाव्यतेचा धडा आला की एक उदाहरण द्यायचो. दहा मुलांनी दहा वेगवेगळ्या अंकांवर एकेक रुपया लावला. जमले दहा रुपये. एकाचा अंक लागला, त्याला मिळाले नऊ. मग एक रुपया कुठे गेला? वर्गात शांतता पसरायची. मागच्या बाकावरची दोन-तीन मुले माना खाली घालायची. त्यांना तो रुपया कुठे जातो ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असे. जो हे पैसे खातो आणि लागल्यास देतो, त्याला 'खाईवाल' म्हणतात. एखाद्या अंकावर फारच पैसे लागले तर तो भार तो वरच्या मोठ्या खाईवालाकडे सरकवतो, तो आणखी वरच्याकडे. अशी ती शिडी आहे. शिडीच्या तळाशी असतो पट्टी लिहिणारा. त्याला मिळते दलाली. माल दुसऱ्याचा, नफा दुसऱ्याचा, आणि हातात सापडलेली चिठ्ठी त्याची.

या खेळाला आमच्या भागात खतपाणी मिळाले ते आणखी एका कारणाने. आम्ही सीमेवरची माणसे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ तिकडे गेले, छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही इकडे राहिलो. सोयरीक तिकडची, सातबारा इकडचा. सावनेरच्या फाट्यावरून एक रस्ता सौंसरला येतो, दुसरा पांढुर्ण्याला. दोन्ही रस्त्यांवर थोडे पुढे आले की पाटी बदलते, ठाणे बदलते, कायदा बदलतो. तिकडे मुंबईचा १८८७ चा जुगारबंदी कायदा, इकडे १८६७ चा. तिकडचे पोलीस आले की माणूस इकडे, इकडचे निघाले की तिकडे. आम्हां साध्या माणसांना दाखल्यासाठी, शाळेसाठी, पिकाच्या भावासाठी ही सीमा अडते. आकड्याला ती कधीच अडली नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो प्रसंग. गाव कोणते, कोर्ट कोणते, हे सांगत नाही. १९९४ ची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, वय एकोणीस, पट्टी लिहिताना पकडला गेला होता. बाप लहानपणीच गेलेला. आई हंगामात संत्र्याच्या मंडीत पेट्या भरायला जाई, एरवी निंदणाला. पोरगा हिशेबात हुशार. नववीत असताना तोंडी गुणाकार असा करायचा की मी फळ्याकडे वळायच्या आत उत्तर तयार. ही हुशारी शाळेला जेवढी दिसली तेवढीच दुसऱ्या कुणाला तरी दिसली होती. आईने निरोप पाठवला, "गुरुजी, तुमी संगं चाला, मले तिथली हिंदी समजत नाई." म्हणून मी गेलो.

कागद वाचला गेला. जप्ती: एक सट्टापट्टी, एक डॉटपेन, नगदी ८५ रुपये. विचारणा झाली. पोराने शिकवल्याप्रमाणे म्हटले, "जुर्म कबूल है." पाच मिनिटांचे काम. दंड झाला. तो दंड एका इसमाने आपल्या खिशातून मोजून दिला आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून तो निघून गेला. तो इसम कोण, कुणाकडून आला, हे त्या आवारातल्या चहावाल्यालाही माहीत होते. त्याचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हते.

बाहेर कडुलिंबाखाली ती बाई बसली होती. मी तिला समजावले, की दंड भरला, झाले, आता सुटला. तिने माझ्याकडे पाहिले आणि अगदी सावकाश म्हणाली, "सुटला तं खरं गुरुजी. पन माह्या पोराचं नाव कागदावर चढलं. पैसे काई माह्या घरी नाई आले. ज्याच्या घरी गेले, त्याचं नाव काहून नाई लिवलं कोनं?"

मी तिला म्हटले, "बाई, कायदा हातात सापडलेल्यालाच पकडतो." ती यावर काही बोलली नाही. पदराने तोंड पुसून उठली आणि पोराला घेऊन बसथांब्याकडे गेली.

तिला त्या नावाचे एवढे का लागले होते, ते तीन वर्षांनी कळले. एका सरकारी खात्यात चौकीदाराची जागा निघाली. पोराचे नाव यादीत आले, पेढे वाटायचेच बाकी होते. मग पडताळणीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना: कधी शिक्षा झाली आहे काय? पोराने खरे ते लिहिले. जागा गेली. दंडाची रक्कम ज्याने भरली त्याचे कर्ज फिटले होते. पोराचे मात्र फिटायचे नाव नव्हते.

माझ्या वडिलांनी मला हिशेब शिकवताना पहिली गोष्ट सांगितली होती ती अशी: वहीच्या पानाला दोन बाजू असतात, एक जमा आणि एक नावे. कुठल्याही रकमेची नोंद एकाच बाजूला झाली, तर ती नोंद खोटी. कुणाच्या तरी नावे पडले म्हणजे कुणाकडे तरी जमा झालेच पाहिजे. ते कुठे जमा झाले ते सापडेपर्यंत दिवाणजीने वही मिटू नये. त्या दिवशी वाचला गेलेला कागद मला अशा अर्ध्या वहीसारखा वाटला. नावे टाकली, जमा कुणाकडे झाले ते विचारलेच नाही.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा या विषयावर हाती लागेल ते वाचत गेलो. आणि चकित झालो ते हार्लेमच्या हकिकतीने. न्यूयॉर्कची ही कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती. तिथे १९२० च्या दशकात 'नंबर' नावाचा खेळ जोरात होता. लोक पाच-दहा सेंट लावीत. अंक तीन, म्हणजे हजारात एक संधी. आणि लागला तर मिळत साधारण सहाशेपट. बाकीचे चारशे कुठे गेले, हा माझ्या वर्गातलाच प्रश्न! तो अंक ठरे शहरातल्या बँकांच्या आपसांतल्या व्यवहाराचे जे रोजचे आकडे वर्तमानपत्रात छापून येत त्यांवरून. पुढे तो घोड्यांच्या शर्यतीच्या रकमांवरून ठरू लागला. म्हणजे पाहा, तिथल्या गरिबाने बँकेच्या वहीतल्या आकड्यावर पैसे लावावे, आणि इथल्या गरिबाने कापूस बाजाराच्या. ज्या संपत्तीत आपला वाटा नाही, तिच्या हिशेबाच्या शेपटीला धरून दैव फळफळेल ही आशा दोन्हीकडे सारखी.

हा खेळ आधी वस्तीतलीच माणसे चालवीत. त्यात स्टेफनी सेंट क्लेअर नावाची कॅरिबियन बेटांतून आलेली एक बाई होती. तिला अटक झाली, शिक्षा झाली. आणि सुटल्यावर तिने १९३० साली चौकशी समितीपुढे जाऊन आपण कोणत्या पोलिसांना किती पैसे दिले ते सांगून टाकले. काही जण निलंबित झाले. त्या वेळी अमेरिकेत दारूबंदी होती. १९२० साली सुरू झालेली ती १९३३ साली उठली. दारूबंदीने टोळ्यांना जे अमाप पैसे मिळवून दिले ते उठल्यावर आटले, तेव्हा डच शुल्ट्‌ससारख्या टोळीवाल्यांनी बंदुकीच्या धाकाने हा चिल्लरचा धंदा आपल्या हाती घेतला. चिल्लर म्हणू नये; थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण टोळीवाल्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते.

आता त्यांची न्यायव्यवस्था काय करीत होती? बराच काळ आपल्यासारखेच. चिठ्ठी नेणारे पोरगे धरायचे, दंड करायचा, सोडायचे. शिकागोचा अल कपोन खून आणि दारू यांसाठी सापडेना, शेवटी १९३१ साली आयकर बुडवल्याबद्दल त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. चोरट्या कमाईवरही कर लागतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ सालीच सांगितले होते. म्हणजे त्यालाही अखेर वहीनेच पकडले: खर्च एवढा, तर जमा कुठली? पुढे थॉमस ड्यूई हा सरकारी वकील आला. १९३५ साली शुल्ट्‌सचा त्याच्याच जगातल्या लोकांनी खून केला होता. पण ड्यूईने तिथे वही मिटली नाही. शुल्ट्‌सच्या वकिलालाच त्याने साक्षीला उभे केले आणि या धंद्याला छत्र धरणारा जिमी हाइन्स नावाचा बडा राजकीय पुढारी १९३९ साली दोषी ठरवून तुरुंगात पाठवला. ही शिडी तळापासून वरपर्यंत चढता येते, हे त्या खटल्याने दाखवले.

तरीही टोळ्यांचे म्होरके सुरक्षितच राहिले, कारण म्होरक्या स्वतःच्या हाताने काही करीतच नाही. म्हणून १९७० साली अमेरिकेने एक नवा कायदा केला. तिथले लोक त्याला 'रिको' म्हणतात. त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे: एकटी चिठ्ठी पाहू नका, सारा कारखाना पाहा, गुन्ह्यांची मालिका आणि ती चालवणारी संघटना सिद्ध झाली की वरचाही दोषी. त्याच वर्षीच्या कायद्याने साक्षीदाराला संरक्षण देण्याची, गरज पडली तर नवे नाव आणि नवे गाव देण्याचीही सोय झाली. या जोरावर १९८६ साली न्यूयॉर्कच्या माफिया घराण्यांचे म्होरके एकाच खटल्यात दोषी ठरले आणि त्यांना शंभर-शंभर वर्षांच्या शिक्षा झाल्या.

आपल्याकडे याच विचाराचा कायदा महाराष्ट्राने १९९९ साली केला, तो मोक्का. मटक्याच्या जगाला त्याची धग लागली, पण कशी ते पाहण्यासारखे आहे. कल्याणजी भगतांचा मुलगा सुरेश भगत २००८ साली अलिबागच्या कोर्टातून परतत असताना ट्रकच्या धडकेत ठार झाला. गाडीतले इतरही गेले. आधी अपघात वाटला, तपासात तो खून निघाला. २०१३ साली विशेष न्यायालयाने सुरेशची पत्नी आणि मुलगा यांच्यासह आरोपींना जन्मठेप दिली. म्हणजे वडिलांनी उभ्या केलेल्या साम्राज्यासाठी घरातच खून झाला तेव्हा कुठे मोठा कायदा जागा झाला. तोही मटक्याबद्दल नव्हे, खुनाबद्दल. जसा कपोन दारूबद्दल नव्हे, करापायी सापडला. नुसत्या मटक्याला तो कायदा लावणे अवघड, कारण त्यासाठी आधीचे गुन्हे किमान तीन वर्षांच्या शिक्षेचे असावे लागतात. १८६७ च्या मूळ कायद्यात तर अड्डा चालवणाऱ्याला दोनशे रुपये दंड किंवा तीन महिने कैद, एवढीच शिक्षा होती. आणि मोक्का महाराष्ट्राचा. सावनेरच्या पुढे पाटी बदलली की तो मागे राहतो.

१ जुलै २०२४ पासून मात्र भारतीय न्याय संहिता साऱ्या देशात लागू झाली. तिच्या १११ व्या कलमात संघटित गुन्हेगारी आली आणि ११२ व्या कलमात लहान संघटित गुन्हे. त्या लहान गुन्ह्यांच्या यादीत बेकायदा सट्टा आणि जुगार आहे. टोळीने केल्यास किमान एक वर्ष आणि सात वर्षांपर्यंत कैद. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच कायदा आला, ही चांगली गोष्ट. पण ते कलम वाचताना माझ्या डोळ्यांपुढे खाईवाल आला नाही, तो एकोणीस वर्षांचा पोरगा आला. टोळी म्हणजे कोण? पट्टी लिहिणारे तीन पोरगे एकत्र बांधले म्हणजे टोळी झाली काय? कायदा तिखट झाला आणि शिडी चढायची सवय नसली, तर पूर्वी जिथे दंड होता तिथे आता कैद येईल, आणि ती त्याच पोराच्या नावे पडेल.

ही भीती पोकळ नाही, हेही अमेरिकाच शिकवते. त्या देशाच्या तुरुंगांत आज वीस लाखांच्या घरात माणसे आहेत, आणि त्यांत गरिबांचा व कृष्णवर्णीयांचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा आहे. तिथल्या शंभरांतल्या नव्वदाहून अधिक शिक्षा खटला न चालताच होतात. आरोपी गुन्हा कबूल करतो, शिक्षा थोडी कमी होते, फाइल बंद. लढायला पैसा नाही, थांबायला वेळ नाही, म्हणून कबूल. आमच्या पोराचे "जुर्म कबूल है" आणि त्यांची ही कबुली, भाषा तेवढी निराळी. माफियाला वाकवणारा कायदा आणि गरिबाला दळणारे जाते एकाच देशात, एकाच छपराखाली नांदते. घ्यायचे ते पहिले, टाळायचे ते दुसरे.

कुणी म्हणेल, सरकारनेच हा खेळ चालवावा, म्हणजे टोळ्या आपोआप मरतील. तोही प्रयोग झाला. न्यूयॉर्क राज्याने १९६७ साली स्वतःची लॉटरी काढली, महाराष्ट्राने १९६९ साली. टोळ्या मेल्या नाहीत, खेळणारे वाढले. नव्वदच्या दशकात एक आकडी लॉटरीने किती घरे बसवली हे जुन्या वाचकांना आठवत असेल. १९९८ च्या कायद्याने ती बंद करावी लागली. आता तर पानठेल्याचीही गरज उरली नाही, आकडा खिशातल्या मोबाइलवर येतो. भिलाईच्या माणसांनी दुबईतून चालवल्याचा आरोप असलेले महादेव ॲपचे प्रकरण २०२३ मध्ये गाजले. २०२५ साली केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदे येत राहतील. दर वेळी शिडीला एक पायरी वर वाढेल, आणि तळाचा पोरगा तळाशीच असेल.

मग उपाय काय? मी शिक्षक, कायदेपंडित नव्हे. पण आमच्याच गावाने मला एक गोष्ट शिकवली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि झेंडा. डोकी फुटतात, जीवही गेले आहेत. दर वर्षी जमावबंदीचा हुकूम निघतो, बंदोबस्त येतो. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडूही ठेवून पाहिले. लोकांनी दगडच उचलले. गावाला जे थांबवायचे नसते ते हुकूम थांबवू शकत नाही, हे आम्ही दर भाद्रपदात उघड्या डोळ्यांनी पाहतो. आकड्याचेही तसेच. गावाला खाईवालाचे नाव माहीत असते. तो गणपतीला वर्गणी देतो, लग्नात आहेर करतो, दंडही भरतो. म्हणून कुणी बोलत नाही. आणि जो बोलेल त्याच्या पाठीशी कोण?

इथेच कायद्याचे काम आहे. साक्षीदाराला संरक्षण देण्याची योजना आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केली, नव्या संहितेनेही राज्यांवर ती करण्याची जबाबदारी टाकली आहे. ती योजना जिल्ह्याच्या ठिकाणच्या कपाटात न राहता तालुक्याच्या कोर्टाच्या कडुलिंबापर्यंत पोचली पाहिजे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. कार्यालये जवळ आली. न्यायही तेवढाच जवळ यावा, अशी अपेक्षा ठेवली तर ती वावगी नाही. पट्टी लिहिणाऱ्या पोराला "कबूल आहे का?" एवढेच न विचारता "कुणासाठी लिहीत होतास?" हे विचारले जावे, आणि उत्तर दिल्यावर त्याला रात्री आपल्या घरी निर्धास्त झोपता यावे. न्यूयॉर्कने शिडी चढली ती अशीच. बंदुकीच्या जोरावर नव्हे, तर तळच्या माणसाला बोलते करून.

तो पोरगा आता पन्नाशीचा झाला. सीमेपलीकडे एका गावात त्याचे किराणा दुकान आहे, बरे चालते. उधारीची वही तो स्वतः लिहितो. त्याची माय गेली, आठ वर्षे झाली. मी एकदा दुकानात बसलो असताना कुणीसे फोनवरच्या आकड्याबद्दल बोलू लागले, तर याने तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हे बोलनं दुकानाबाहेर." बस एवढेच. गिऱ्हाईक गप्प झाले.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे अजून वह्यांची पूजा होते. काही घरांत त्याच रात्री पत्तेही निघतात, चार आण्यांचा डाव मांडायचा, हसायचे, उठायचे. त्याला कुणी गुन्हा म्हणत नाही आणि म्हणूही नये. पण वाचकहो, त्या कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढाल तेव्हा पानाच्या दोन्ही बाजूंकडे क्षणभर पाहा. आपल्या गावात वर्षानुवर्षे ज्यांच्या नावे पडले ते सारे आपल्याला पाठ आहेत. जमा कुणाकडे झाले, ते लिहिण्याची बाजू अजून कोरीच आहे.